दहा चाळीसची तक्रार

आमच्या गोदामात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना कितीवाजे म्हणत. कोणी रडत, चिडत, शिव्या घालत त्यांच्याकडे गेलं, की ते खिशातून पेन काढायचे आणि पहिला प्रश्न एकच विचारायचे, "किती वाजता?" सुपरवायझर अंगावर ओरडला? किती वाजता? पट्ट्यात बोट सापडलं? किती वाजता? एकदा पार्सलं निवडणाऱ्या एका बाईनं आपला नवरा घर सोडून गेल्याचं सांगितलं, तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघून गेलं. त्या दिवसापासून हे आडनाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. नव्यानं लागलेल्यांना तर ते खरं आडनावच वाटायचं.

मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं एकाच ट्रकमध्ये पार्सलं चढवली. आमचं काम सांगायला सोपं. पट्ट्यावरून खोकं येतं, त्याच्या लेबलावर स्कॅनर धरायचा, बीप वाजला की खोकं उचलायचं आणि ट्रकच्या आतल्या टोकापासून भिंत रचत रचत दाराकडे यायचं. जड खाली, हलकं वर, मध्ये बोट जाईल एवढीही फट नको. मी तापट माणूस. राग माझ्या नाकावरच असतो, आणि खोकं नीट बसलं नाही की मी त्याला लाथ घालतो. कितीवाजे मात्र खोक्याशीही अदबीनं वागायचे. त्यात कोणाचं तरी काहीतरी आहे, म्हणायचे. त्यावरून माझं डोकं फिरायचं. त्या कोणाच्या तरी काहीतरीपायी आमच्या कंबरा मोडत होत्या, आणि त्याचं कोणालाच काही नव्हतं.

युनियनमध्ये ते तसे कोणीच नव्हते. निवडून आलेला प्रतिनिधी वेगळा होता. तो छान बोलायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि लिहायचं काम निघालं की पाय काढता घ्यायचा. ते लोढणं कितीवाजेंच्या गळ्यात पडलं अकरा वर्षांपूर्वी. एका लोडरला कंपनीनं न सांगता गैरहजर राहिला म्हणून काढून टाकलं होतं. सगळे गेटवर जमून घोषणा देत होते. कितीवाजेंनी त्याचं पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले की ज्या तारखेला हा गैरहजर होता असं लिहिलंय, त्या दिवशी गोदामच बंद होतं. तो माणूस चौथ्या दिवशी कामावर परत आला. त्यावरून कितीवाजेंनी एक गोष्ट मनाशी पक्की केली, की साहेबलोकांना आपला राग पचतो, आपलं रडणं पचतं, तारीख-वेळ मात्र पचत नाही.

तेव्हापासून ते लिहीत राहिले. तक्रारीचा फॉर्म एका पानाचा असतो. काय घडलं, कुठे घडलं, किती वाजता घडलं, साक्षीदार कोण, मागणी काय. तीन प्रती काढायच्या, एक कंपनीला, एक युनियनला, एक आपल्याजवळ. घटनेपासून दहा दिवसांच्या आत द्यायचा. अकराव्या दिवशी नेला तर थेट केराची टोपली. ऑफिसच्या खिडकीवर फॉर्म दिला की आतल्या बाईंकडून पोच घ्यायची, शिक्का आणि सही दोन्ही. पोच हातात पडल्याशिवाय कितीवाजे खिडकीपासून हलायचे नाहीत. बाई जेवायला गेल्या असतील तर त्या येईपर्यंत तिथेच उभे. त्यांचा स्वतःचा डबा कित्येकदा तसाच भरलेला घरी जायचा आणि मग वहिनींची बोलणी खावी लागायची.

लिहिण्यात त्यांचे काही कडक नेम होते. विशेषणं चालत नसत. एकदा मी रागाच्या भरात त्यांना सांगितलं, "लिहा, सुपरवायझर नालायक आहे." त्यांनी पेन उघडलं आणि शांतपणे विचारलं, "नालायक किती वाजता होता?" सगळा ट्रक हसला. मीही हसलो, पण जरा उशिरानं.

अकरा वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर तक्रारी लिहिल्या. त्यांतल्या जिंकल्या किती म्हणाल तर नऊ. बाकी सगळं भिजत घोंगडं. बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी हवी, या तक्रारीला सात महिने लागले. कडी बसली त्या दिवशी ते मला मुद्दाम लांबून दाखवायला घेऊन गेले. आम्ही दोन पुरुष बायकांच्या संडासाच्या दाराकडे बघत उभे, आणि सुपरवायझर आमच्याकडे बघत उभा. मी शरमेनं अर्धा झालो. ते मात्र समाधानानं म्हणाले, "आतून लागते आता." त्यावरून मी त्यांची महिनाभर थट्टा केली. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. मला आयुष्यात एक कडीसुद्धा बसवून घेता आली नव्हती.

आता बीप देण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं अडलं ते तिथेच. गोदामात प्रत्येकाचा स्कॅनर वेगळा. सकाळी त्याला आपलं कार्ड लावायचं, की दिवसभरातला त्याचा प्रत्येक बीप आपल्या नावावर चढतो. पाच मिनिटं बीप झाला नाही की सुपरवायझरच्या पडद्यावर आपलं नाव लाल होतं आणि समजपत्र येतं. एका महिन्यात तीन समजपत्रं झाली की घरी. पण माणसाला संडासला जावं लागतं, पाणी प्यावं लागतं, कधी नुसतं भिंतीला टेकावंसं वाटतं. तेव्हा तो आपला स्कॅनर जोडीदाराकडे देऊन जातो. जोडीदार दोन खोकी स्वतःच्या स्कॅनरवर घेतो, एक त्याच्या. याला आम्ही बीप देणं म्हणायचो. नियमांच्या पुस्तकात याला दुसऱ्याच्या कार्डाचा गैरवापर म्हटलंय, आणि देणारा-घेणारा दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकायचं लिहिलंय. पुस्तक सगळ्यांना पाठ होतं आणि बीप सगळेच देत होते. त्याची इतकी सवय झालेली, की आपण काही करतोय हे आमच्या लक्षातही राहायचं नाही.

त्या महिन्यात माझी दोन समजपत्रं झालेली होती. एक पोट बिघडल्यामुळे, दुसरं माझ्या तोंडामुळे. मंगळवार होता. वरच्या रांगेसाठी एक खोकं आलं, लेबलावर आठ किलो लिहिलेलं. पायरीवर चढून मी ते डोक्यावर घेतलं तेव्हा कळलं, की हे आठचं नाही, वीस-बावीसचं आहे. पाय सटकला. मी पाठीवर पडलो आणि खोकं माझ्या मांडीवर. कंबरेतून अशी कळ गेली की ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मी डोळे मिटून घेतले.

मग कितीवाजेंचे हात माझ्या काखेत आले. त्यांनी मला ओढत ट्रकच्या कोपऱ्यात नेलं, रिकाम्या पुठ्ठ्यावर आडवं केलं, हलू नकोस म्हणाले, आणि दोन्ही स्कॅनर घेऊन पट्ट्यापाशी उभे राहिले. तिसरं समजपत्र म्हणजे काय हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पुढची वीस मिनिटं मला फक्त बीप आठवतात. दोन त्यांचे, एक माझा. अकराला मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर त्यांनी मला खांद्यावर टाकून प्रथमोपचाराच्या खोलीपर्यंत नेलं. खोलीला कुलूप होतं आणि अपघाताची नोंदवही आत होती.

बाहेरच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की तीन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. असं काम गोदामात होतं. लेबलं चिकटवायचं टेबल, बसून करायचं. पण ते टेबल ज्याला कामावर लागलंय त्यालाच मिळायचं. घरी लागलेल्यानं एक तर बिनपगारी बसायचं, आणि साठ दिवसांनी त्याचं नाव कमी होणार, नाही तर 'काम करण्यास सक्षम' या कागदावर सही करून पुन्हा ट्रकमध्ये चढायचं. म्हणजे माझी नोकरी आता एवढ्या एका गोष्टीवर येऊन ठेपली होती, की मी गोदामातच पडलो हे कागदावर ठरायला हवं.

घरी माझी अवस्था बघवत नव्हती. बायको सकाळी मला आधी कुशीवर वळवायची, मग पाय खाली सोडायची, मग मानेत हात घालून उठवायची. मोजे मुलगी घालायची. नववीतली पोर बापाच्या पायात मोजे चढवतेय आणि बाप छताकडे बघतोय. मला सगळ्या जगाचा राग यायचा आणि तो मी त्या दोघींवर काढायचो. मग त्याचंही वाईट वाटायचं. त्यातून काही सुटका नव्हती.

रविवारी कितीवाजे वहिनींना घेऊन आमच्याकडे आले. बगलेत फॉर्म, मध्ये घालायचे कार्बन, खाली धरायला पुठ्ठा. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या की यांच्याशी बोलायचं तर मलाही तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो. बायकोला हसू आलं, पण तिचा या कागदांवर फारसा विश्वास नव्हता. कागदानं कंबर सरळ होते का, तिनं विचारलं. कितीवाजे म्हणाले, "कंबर नाही होत, वहिनी. टेबल मिळतं."

मग ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "किती वाजता?"

"मला काय विचारता? मी पडलो होतो, घड्याळ बघत नव्हतो."

"मी बघितलं होतं. दहा चाळीस."

त्यांनी ते अंकात लिहिलं, मग कंसात अक्षरी लिहिलं. खाली लिहिलं, की त्यानंतर अकरा वाजेपर्यंत सदर कामगार ट्रकमध्ये आडवा होता व कोणतेही काम करू शकला नाही. साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं. मग मला वाचून दाखवलं. इतकं नेटकं लिहिलं होतं, की मला माझ्याच पडण्याचा अभिमान वाटला. बायकोनं चहा केला. आम्ही दोघं तो चहा अगदी निवांत प्यायलो, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

सहाव्या दिवशी फॉर्म दिला गेला. संध्याकाळी त्यांनी पोच आणून मला दाखवली, शिक्का नीट उमटलाय ना ते उजेडात धरून पाहिलं. मग तीन आठवडे काहीच नाही. ते रोज कामावरून सुटल्यावर पाच मिनिटं यायचे, दारातच उभे राहायचे, आज पत्र नाही म्हणायचे आणि जायचे. चौथ्या आठवड्यात सुनावणीचं पत्र आलं. कितीवाजे एवढे खूश झाले की त्यांनी पहिल्यांदाच आत येऊन बसून घेतलं. सुनावणी लावली म्हणजे तक्रार फेटाळली नाही, हे ते बायकोला दोनदा समजावून सांगत होते. तिचाही चेहरा उजळला. तिनं त्या रात्री माझा कामावरचा शर्ट इस्त्री केला.

सुनावणी वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत होती. तिथून खालचं अख्खं गोदाम दिसतं आणि आवाज मात्र काहीच येत नाही. मॅनेजर, एचआरच्या मॅडम, आमचा प्रतिनिधी, कितीवाजे आणि मी. मॅडमनी मला उशीची खुर्ची दिली, पाणी दिलं, आता कसं वाटतंय ते विचारलं. इतकं गोड वागणं बघून मी पाणी तसंच ठेवलं. त्यांनी तक्रार मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक वाक्यानंतर कितीवाजेंना विचारलं, बरोबर? ते म्हणत गेले, बरोबर. वेळ बरोबर? दहा चाळीस, मी स्वतः पाहिली. अकरापर्यंत हे आडवे होते? होते. काहीच काम केलं नाही? काहीच नाही.

मग मॅडमनी फाइलमधून दुसरा कागद काढला. त्यावर पिवळ्या पेनानं ओळी रंगवलेल्या होत्या.

"दहा चाळीस ते अकरा या वेळात यांच्या कार्डावर एकतीस पार्सलं चढली आहेत," त्या म्हणाल्या. "आडवं पडून ती कशी चढवली?"

कितीवाजेंनी कागद स्वतःकडे ओढला. दहा चाळीस, दहा बेचाळीस, दहा बेचाळीस, दहा त्रेचाळीस. ते एकेक ओळ बोटानं वाचत खाली खाली गेले. प्रत्येक ओळ त्यांच्या हातची होती, आणि प्रत्येक ओळीची वेळ बिनचूक होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही तेव्हाच सगळं कळलं, आणि इतका वेळ कसं कळलं नाही म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मॅनेजर मऊ आवाजात म्हणाला, "की ती दुसऱ्या कोणी चढवली? तसं असेल तर सांगा. आम्ही लिहून घेतो."

प्रतिनिधीनं मोबाइल काढून त्यात तोंड घातलं. कितीवाजेंनी मान वर केली. त्यांचा स्वभाव मला माहीत होता. घडलं ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी "मी" एवढं म्हटलं, आणि मी टेबलाखाली त्यांच्या बुटावर माझा बूट ठेवून जोरात दाबला. माझ्याच कंबरेतून मानेपर्यंत कळ गेली. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. खरं बोललो तर दोघंही आजच बाहेर, आणि खोटं बोललो तर मी एकटा. यापलीकडे काही सुचण्याइतका वेळ नव्हता.

"घरी लागलं असेल," मी म्हणालो. "मला नीट आठवत नाही."

आयुष्यभर तापट म्हणून मिरवलो. सुपरवायझरला तोंडावर बोललो, खोक्यांना लाथा घातल्या. आणि बोलायची खरी वेळ आली तेव्हा त्यांना हवं होतं तेच शहाण्यासारखं बोलून मोकळा झालो. मला स्वतःची लाज वाटली, पण दुसरं काय बोलायला हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

आता प्रतिनिधीच्या अंगात जीव आला. तक्रार मागे घेतली तर खोटी तक्रार केली म्हणून कारवाई होऊ नये, एवढं त्यानं मॅडमकडून कबूल करून घेतलं आणि मोठं काम केल्यासारखा मागे टेकला. तक्रार मागे घ्यायचाही एक फॉर्म असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यात कारणाचा रकाना असतो. मॅडमनी तो लिहिणाऱ्यानंच भरावा म्हणून कितीवाजेंपुढे सरकवला. त्यांनी खिशातून आपलं पेन काढलं आणि नेहमीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं, की घटनेची वेळ व तपशील लिहिण्यात लिहिणाऱ्याची चूक झाली असून कामगाराचा दोष नाही. खाली सही केली, तारीख घातली.

मॅनेजरनं तो कागद स्वतः उचलून फाइलमध्ये ठेवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या टेबलाची त्यांना काय पर्वा होती? यापुढे कोणीही, कसलीही तक्रार घेऊन आलं, की हा कागद बाहेर निघणार होता. तुमचा लिहिणाराच चुकीच्या वेळा लिहितो, हे त्यानंच सहीनिशी कबूल केलंय. अकरा वर्षांत त्या माणसाकडे तेवढं एकच होतं, की त्यानं लिहिलेली वेळ खोटी काढता येत नसे. लिहितानाच त्यांना हे कळलेलं असणार. मला कळलं तेव्हा शाई वाळली होती.

मग मी 'काम करण्यास सक्षम' या कागदावर सही केली. साठ दिवस बिनपगारी बसून नाव कमी होण्यापेक्षा ते बरं, असं मी स्वतःला सांगितलं. सोमवारी सकाळी सहा वाजता, तोच ट्रक.

खाली यायला जिना होता. मी कठडा धरून एकेक पायरी उतरत होतो. कितीवाजे माझ्यापुढे एक पायरी खाली राहून उलट्या पावलांनी उतरत होते, मी पडलो तर धरायला. मनाला लावून घेऊ नका, मी त्यांना म्हणालो. तुम्ही बीप दिले नसते तर तिसरं समजपत्र येऊन मी त्याच दिवशी गेलो असतो. तुम्ही मला वाचवायलाच गेला होता. ते आणखी दोन पायऱ्या उतरले आणि जिना वळतो तिथे थांबले.

"तू पडलास तेव्हा तुझा स्कॅनर कमरेचा सुटून बाजूला पडला होता," ते म्हणाले. "मी आधी तो उचलला. एका खोक्याचा बीप घेतला, आणि मग तुझ्याकडे वळलो. तू जिवंत आहेस की नाही, हे मी त्या बीपनंतर बघितलं. घड्याळही तेव्हाच बघितलं."

मला त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. ट्रक तोच आहे, पट्टा चालू आहे, ते खाली पडलेत, त्यांचा स्कॅनर त्यांच्याशेजारी पडलाय, आणि माझा हात पुढे होतोय. हात स्कॅनरकडेच गेला.

"मीही तेच केलं असतं," मी म्हणालो.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरलो.